सासूबाई बंड्याला कोळंबीची सालं घालतात, काय करू?

पत्र: ताई, आम्ही ठाण्यात राहतो, सासर वेंगुर्ल्याचं. आमचा बंड्या साडेतीन वर्षांचा आहे, लॅब मिक्स, वजन 24 किलो. मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा सासूबाई मागीलदारी सुंगटं (कोळंबी) सोलायला बसल्या की हा समोर हजर, आणि त्या डोकी-सालं सगळं त्याच्यापुढे टाकायच्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "आमचे कुत्रे ह्याच खात इले, तेंका कधी काय झाला नाय." दुसऱ्या दिवशी त्याने दोनदा उलटी केली, त्यात सालं होती. नंतर बरा झाला. आता चतुर्थीला परत जायचंय. कुत्र्यांना कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या चालतात का? चालत असतील तर कशा द्यायच्या? आणि सासूबाईंना न दुखावता कसं सांगू?

उत्तर:

ताई, आधी बंड्या बरा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. उलटीत सालं बाहेर आली हे चांगलं झालं, आत अडकली असती तर आज तुमचं पत्र वेगळं असतं.

तर सरळ सांगते, कोळंबी कुत्र्याला चालते. कोळंबीचं मांस हे कुत्र्यासाठी विष वगैरे अजिबात नाही, उलट प्रोटीन भरपूर, फॅट जवळजवळ नाहीच, बी12 आहे, आयोडीन आहे, सेलेनियम आहे. 100 ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत साधारण 24 ग्रॅम प्रोटीन आणि शंभरेक कॅलरी, म्हणजे दुकानातल्या रंगीत बिस्किटांपेक्षा ही ट्रीट केव्हाही बरी. त्रास होतो तो कोळंबीच्या आजूबाजूच्या गोष्टींनी. साल, मीठ, वाटप, कच्चेपणा, शिळेपणा, आणि किनाऱ्यावर पडलेलं काहीबाही. हे सगळं बाजूला ठेवता आलं तर द्या, नाही ठेवता आलं तर त्या दिवशी देऊ नका, बंड्याचं काही बिघडणार नाही, त्याला जगायला कोळंबी लागत नाही.

आता द्यायची कशी ते सांगते कारण बाकी सगळं यावरच आहे. कोळंबी ताजी आणा, अमोनियासारखा वास येत असेल तर ती माणसालाही नको आणि कुत्र्यालाही नको. डोकं काढा, साल काढा, शेपटीचं टोकही काढा (हे लोक विसरतात, ते पाण्यात भिजूनही कडकच राहतं), पाठीतला काळा दोरा काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीठ-हळद लावायच्या आधी बंड्याचे तीन-चार तुकडे वेगळे काढून ठेवा, कारण आपल्याकडे कोळंबी धुतली की हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो, मग आगळ (कोकमाचा रस) लावतो, त्यातही मीठ असतंच, आणि मग नंतर धुऊन देते म्हणून काही उपयोग नाही. साध्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, गुलाबी झाली, आखडली, आतून पांढरी दिसली की झालं. तेल नाही, बटर नाही, लसूण तर नाहीच नाही. गार करा, बारीक तुकडे करा, आणि त्याच्या नेहमीच्या जेवणात वरून घाला. हातातून अख्खी दिली तर लॅब ती चावणारच नाही, गिळेल. उकळलेलं पाणी बिनमिठाचं असेल तर थोडं भातावर घालायला हरकत नाही, कुत्र्यांना तो वास फार आवडतो.

किती? पहिल्यांदा अर्धा तुकडा, बस. मग एक दिवस थांबा. खाज, तोंडावर सूज, अंगावर गांधी, उलटी, जुलाब यातलं काही नाही झालं तर पुढच्या वेळी एक अख्खी. तुमच्या बंड्याला पुढे आठवड्यातून एकदा तीन-चार मध्यम कोळंब्या पुरेत. ट्रीट मिळून दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असा व्हेट लोकांचा साधा नियम आहे, 24 किलोच्या कुत्र्याला रोज साधारण 1100 ते 1200 कॅलरी लागतात म्हणजे ट्रीटला 110-120 उरतात, त्या हिशोबाने जास्त बसतील पण कोळंबीत फॉस्फरस आणि सोडियम मुळातच बऱ्यापैकी असतं म्हणून मी कमीच सांगते. पाच-सहा किलोचा छोटा कुत्रा असेल तर एकच, तीही तुकडे करून.

फ्रोझन पाकीट आणत असाल तर मागचं लेबल वाचा, बऱ्याच पाकिटांत मिठाचं पाणी किंवा फॉस्फेट घातलेलं असतं ज्याने कोळंबी फुगून जड दिसते. बंड्यासाठी साधी, काही न घातलेलीच घ्या आणि चांगली धुवा.

सालांचं काय ते आता. सासूबाई खोटं बोलत नाहीत हे आधी मान्य करू. जवळा किंवा अगदी बारीक सुंगटाचं साल मऊ असतं, मोठ्या कुत्र्याच्या पोटातून ते बऱ्याचदा निघून जातं. पण मोठ्या कोळंबीचं साल आणि विशेषतः डोक्यावरचा तो करवतीसारखा काटा वेगळा. तो घशाला, हिरड्यांना टोचतो, आणि एकदम वाटीभर सालं गेली तर पोटात गोळा होतो. बंड्याला तेच झालं. आणि गावच्या कुत्र्यांचं म्हणाल तर एखादा कुत्रा चार दिवस न खाता पडून राहिला आणि गेला, तर तो सालाने गेला की कशाने हे कोणी पाहिलेलं नसतं, आपण म्हणतो म्हातारा झाला होता. माझ्या माहेरी रत्नागिरीला असे दोन कुत्रे मी लहानपणी पाहिलेत, आज आठवलं की वाईट वाटतं, कळलंच नव्हतं आम्हाला.

कुर्ल्यांचं साल तर अजिबात नको. नांगीचा तुकडा फुटला की काचेसारखी धार येते. कुर्लीचं मांस द्यायचं असेल तर उकडून, बोटांनी चाचपून, एकही कपची राहिली नाही अशी खात्री करून चिमूटभर द्या, आणि आतले ते राखाडी कल्ले आणि पोटातला पिवळा भाग देऊ नका. खरं सांगू, इतकी मेहनत कुत्र्यासाठी करायची मला गरज वाटत नाही, कोळंबी सोपी आहे. ज्यांच्याकडे पावसाळ्यात ओढ्यातले, शेतातले खेकडे येतात त्यांनी तर जास्तच सांभाळायचं, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुप्फुसात राहणारी जंतासारखी परजीवी जाऊ शकते, माणसालाही आणि कुत्र्यालाही. खेकडे धुताना कुत्रा बाहेर बांधा, तो सांडलेलं चाटतो.

तिसऱ्या, मुळे, खुबे, शिणाणे: शिजवून, शिंपल्यातून काढून, वाळू पूर्ण धुऊन एक-दोन तुकडे चालतील. शिजवण्याआधी उघडी असलेली आणि टकटक केल्यावरही न मिटणारी तिसरी टाकून द्या, आणि शिजल्यावरही न उघडलेली टाकून द्या, हे तर आपण स्वतःसाठीही करतोच. शिंपला मात्र चुकूनही तोंडाला लागू देऊ नका, कुत्रे रसाच्या वासाने अख्खा शिंपला गिळतात आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. कालवं कच्ची खायची काही लोकांना आवड असते, कुत्र्याला ती कच्ची कधीच देऊ नका. कच्च्या शिंपल्यांत व्हिब्रिओसारखे बॅक्टेरिया असतात, शिवाय काही शिंपल्यांत आणि माशांत थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं जे बी1 जीवनसत्त्व नष्ट करतं, रोज कच्चं खाल्लं तर कुत्र्याला झटके येण्यापर्यंत मजल जाते. शिजवलं की ते एन्झाइम निकामी होतं.

पण शिजवून सगळंच जात नाही, आणि हे मला ठळक सांगायचंय. तिसऱ्या-शिणाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ वाढलं असेल तर ते विष त्यांच्या अंगात साठतं आणि उकळून ते जात नाही. 1983 मध्ये मंगळूरजवळ अशा शिंपल्यांमुळे माणसांना विषबाधा झाल्याची नोंद आहे, म्हणजे हे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर घडलेलं आहे. समुद्राचं पाणी तांबूस-हिरवट दाट दिसत असेल किंवा किनाऱ्यावर मासे मरून लागलेत असं ऐकलं तर त्या दिवसांत तिसऱ्या माणसांनीही नको आणि कुत्र्यालाही नको.

आता कांदा-लसूण. इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे, माफ करा, कारण माझी चिंगी यातून गेली.

चिंगी 7 किलोची होती, साधी गावठी. घरी पाहुणे होते, कोळंबीचं सुकं केलेलं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, लसूण ठेचून. रात्री पातेलं खाली राहिलं आणि सकाळी ते चाटूनपुसून साफ होतं. आम्ही म्हटलं आता पोट बिघडेल, एक दिवस जरा मऊ शी झाली, संपलं. चौथ्या दिवशी ती जिना चढताना मध्येच बसली. हिरड्या पाहिल्या तर पांढरट, आणि लघवी चहासारखी. पहिल्या दवाखान्यात उन्हाचा त्रास म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, संध्याकाळी ती उठेना म्हणून दुसरीकडे नेली, तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गेल्या आठवड्यात कांदा-लसूण खाल्लाय का. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन पार खाली गेलं होतं. वाचली, पण तीन आठवडे लागले.

होतं असं की कांद्या-लसणातले गंधकाचे घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशींना आतून इजा करतात आणि मग शरीरच त्या पेशी मोडून टाकतं. याला काही दिवस लागतात म्हणून लोकांना आदल्या आठवड्यातलं जेवण आठवतच नाही. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांद्याला रक्तात बदल दिसायला लागतात, म्हणजे 5 किलोच्या पॉमेरियनला एक मध्यम कांदा पुरतो. 24 किलोच्या बंड्याला तीन-चार मोठे लागतील असं वाटून निश्चिंत होऊ नका, कारण भाजलेल्या वाटपात पाणी आटलेलं असतं आणि मुठीएवढ्या गोळ्यात कितीतरी कांदे बसलेले असतात, शिवाय लसूण वजनाला कांद्यापेक्षा बराच जास्त कडक, आणि रोज थोडं थोडं गेलं तरी परिणाम साठत जातो. शिजवून, भाजून, सुकवून हे विष कमी होत नाही. म्हणून कालवणाचा नुसता रस्सा भातावर, किंवा उरलेली सोलकढी (लसूण असतेच ना तिच्यात) हे प्रेमाने घालणं एकदम बंद. तुकडा धुऊन दिला तरी वाटप आत मुरलेलं असतं.

सुकटाचं पण विचारतात लोक. सोडे, सुकट, खारवलेले मासे यात मीठ किती आहे हे आपल्याला दिसत नाही, वाळूही असते, आणि खारवलेलं तर नकोच. तळलेली, रवा लावलेली कोळंबीही नको, तेलकट खाऊन काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं फार वाईट असतं.

काही कुत्र्यांना कोळंबी साधी उकडलेलीही नको. पिल्लं, गाभण कुत्री, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेली, आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली. डाल्मेशियन पाळणाऱ्यांनी खास लक्ष द्या, त्या जातीत युरिक ॲसिडचे खडे होतात आणि कोळंबी-शिंपल्यांत प्युरिन जास्त असतं. ॲलर्जीचं म्हणाल तर कुत्र्यांत बीफ, दूध, चिकन, गहू यांची ॲलर्जी जास्त दिसते, कोळंबीची कमी, पण एखाद्याला असू शकते म्हणून तो अर्ध्या तुकड्याचा नियम. खाल्ल्यावर काही मिनिटांत अचानक उलट्या-जुलाब, तोंड सुजणं, लटपटून पडणं झालं तर घरचे उपाय करत बसू नका, गाडी काढा.

वेंगुर्ल्याला जाताय म्हणून किनाऱ्याचं सांगते, हे तुम्ही विचारलेलं नाही पण माझ्या मते सालांपेक्षा ही भीती मोठी आहे. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं) ओढली की नको असलेले मासे वाळूत टाकून देतात, त्यात केंड असतो, तो फुग्यासारखा फुगणारा. गावातल्या पोराला पण माहीत असतं की केंड खायचा नाही, पण ठाण्याच्या बंड्याला माहीत नाही. त्याच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत जे विष असतं त्यावर उतारा नाही, शिजवूनही ते जात नाही, आणि कुत्र्याला लाळ, उलटी, मागचे पाय लुळे पडणं, मग श्वास बंद असं काही तासांत होऊ शकतं. वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं इतर काहीही तसंच धोक्याचं. 2017 च्या डिसेंबर आणि 2018 च्या जानेवारीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक-सफोक भागात, वादळानंतर वाहून आलेले मासे आणि तारामासे खाऊन कुत्री दगावली होती, तपासात मघाशी सांगितलेलं तेच शिंपल्यांचं विष निघालं. तेव्हा किनाऱ्यावर पट्टा सोडायचा नाही, निदान रापणीच्या आसपास तरी. आणि "सोड" ही एक आज्ञा आतापासून रोज पाच मिनिटं शिकवा, चतुर्थीपर्यंत वेळ आहे.

एवढं करूनही साल किंवा शिंपला गिळलाच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. टोकदार वस्तू परत वर येताना अन्ननलिका फाडू शकते आणि मिठाचं पाणी स्वतःच कुत्र्याला विषासारखं होऊ शकतं. वारंवार उलटी, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं किंवा नुसता जोर काढणं, काळी शी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. जायच्या आधी गावातला पशुवैद्यकीय दवाखाना कुठे, कधी उघडा, गणपतीत सुट्टी आहे का, आणि जवळचा खाजगी व्हेट कोण, एक्स-रे कुठे होतो हे नवऱ्याला आत्ताच फोन करून विचारून ठेवायला लावा. रात्री अकराला हे शोधणं फार कठीण जातं.

एक छोटी गोष्ट, कोणीतरी तुम्हाला सांगेलच की सालात ग्लुकोसमाइन असतं, सांध्यांना चांगलं. असतं, पण सांध्यांसाठी जे सप्लिमेंट मिळतं ते प्रक्रिया केलेली पावडर असते, न्यूझीलंडच्या हिरव्या शिणाण्यांपासून केलेलंही मिळतं, ते व्हेटला विचारून देता येतं. कच्चं साल चावून सांधे सुधारत नाहीत.

आता सासूबाई. ताई, त्या बंड्याला जे टाकतात ते प्रेमाने टाकतात, आणि त्यांच्या काळात घरातलं उरलंसुरलं कुत्र्याला घालणं हीच माया होती. तुम्ही "हे अनहेल्दी आहे" म्हटलंत तर ते त्यांच्या हाताच्या स्वयंपाकावर बोट ठेवल्यासारखं होतं. म्हणून नको म्हणण्याऐवजी त्यांच्या हातात काम द्या. उलटीत सालं निघाली होती हे त्यांना सांगितलंत का? पत्रावरून तसं वाटत नाही. ते सांगा, फोटो असेल तर दाखवा, आणि तुम्ही नाही, तुमच्या नवऱ्याने सांगू दे, स्वतःच्या आईला मुलानेच सांगितलेलं बरं असतं. मग विसर्जन झाल्यावर सुंगटं येतील तेव्हा एक वाटी त्यांच्याजवळ ठेवा आणि म्हणा, आई, मीठ लावायच्या आधी बंड्याची चार यात काढा ना, तुम्हीच उकडून घाला त्याला. तो त्यांच्या हातून खातो हे त्यांना हवंय, ते तसंच राहू दे.

आणि सालं-डोकी फेकून द्यायला त्यांना जीवावर येईल, तर ती माडाच्या बुडात पुरायला सांगा, चांगलं खत होतं. फक्त हातभर खोल पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर बंड्या रात्रीत उकरून काढेल.